खोट्या धुईतली खरी बैलगाडी

नगर जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत आभाळातून जेवढा पाऊस पडला, त्याहून जास्त माझ्या हातून पडला असेल. मी गारा पाडल्या, वावटळी उठवल्या, भर दुपारी अंधारून आणलं. एवढं करून कुणाच्या बाजरीला एक थेंब पोचला नाही की कुणाचा कांदा भिजला नाही. त्यामुळे गावात माझ्या कामाबद्दल आदर असा काही नाही. आमचे सासरे नेवाशाचे. त्यांना एकदा हौसेनं एमआयडीसीतल्या ऑफिसात नेलं आणि पडद्यावर आपलाच नगर-मनमाड रस्ता दाखवला, वर पांढरंशुभ्र बर्फ पडलेलं. गिऱ्हाइकाच्या यादीत 'सर्व प्रकारचं हवामान' असं लिहिलेलं होतं आणि ते मी जरा जास्तच मनावर घेतलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये एक रसवंती, तिच्या बाकड्यावर वीतभर बर्फ. सासऱ्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, कापसाचा ट्रक उलटला का काय हितं?"

संपादकांनी बजावलंय, आधी काम काय ते सांगा, मग फजित्या सांगा. तर काम असं. हल्लीच्या गाड्यांना पुढच्या काचेमागं एक कॅमेरा बसवतात. आम्ही त्याला नुसतं 'डोळा' म्हणतो. समोर कुणी आलं तर त्यानं ड्रायव्हरला पिपाणी वाजवून सांगायचं, आणि ड्रायव्हर ऐकेनाच तर ब्रेकही लावायचा. पण डोळ्याला नुसतं दिसतं, कळत काही नाही. तान्ह्या पोराला आपण 'ही माऊ, हा भूभू' करून शिकवतो, तसं त्याला शिकवावं लागतं. पोराला एक माऊ पुरते. ह्याला हजारो लागतात, उन्हातल्या, पावसातल्या, पुढून, मागून, अर्ध्या खांबाआड गेलेल्या. आणि प्रत्येक चित्रात त्या वस्तूभोवती चौकट आखून सांगावं लागतं, की बाबा रे, हे जे आहे ना, ती माऊ.

उन्हाचे फोटो रस्त्यावर जाऊन काढता येतात. पंचाईत होते ती धुईची. हिवाळ्यात कालव्याच्या पट्ट्यात सकाळी जे दाट धुकं उतरतं, त्याला आम्ही धुई म्हणतो. त्या फोटोत चौकट आखणाऱ्या माणसालाच काही दिसत नाही, तो आखणार काय? इथं आमचा धंदा सुरू होतो. आम्ही अख्खा रस्ताच कॉम्प्युटरात उभा करतो. डांबर, खड्डे, बाभळी, टेम्पो, माणसं, सगळं. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा आमच्या त्या खोट्या रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा बदलाव्या लागल्या. रस्ता झाला की वरून धुई सोडायची. कितीही दाट सोडा, आत कुठं काय उभं आहे हे कॉम्प्युटरला पक्कं ठाऊक, कारण ठेवणारा तोच. चौकटी आपोआप पडतात.

मला याचं आजही नवल वाटतं. खऱ्या धुईत काय दडलंय ते कुणालाच सांगता येत नाही, खोट्या धुईतलं मात्र बोट ठेवून सांगता येतं. आणि खोट्या धुईत शिकलेला डोळा खऱ्या धुईत पाहायला लागतो. खाटेवर पालथं पडून पोहायला शिकावं आणि जाऊन प्रवरा पार करावी, तसा हा प्रकार.

मी या धंद्यात शिरलो तो मागच्या दारानं. बेलापूरला माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या अल्बममध्ये 'मिक्सिंग' करून द्यायचो, म्हणजे नवरा-नवरीला मांडवातून उचलून डोंगरात, धबधब्यात नेऊन ठेवायचं. एका अल्बमात मी नवऱ्याची सावली डावीकडं पाडली आणि नवरीची उजवीकडं. नवरीच्या मावशीनं अल्बम उघडून माझ्यासमोर धरला. म्हणाली, "आत्तापासूनच दोघांची तोंडं दोन दिशेला का ओ?" तेव्हा कळलं की चित्रात माणसं कितीही आणा, सूर्य एकच पाहिजे. पुढं एमआयडीसीतल्या या कंपनीनं मला घेतलं ते त्या एका ज्ञानावर. बाकी सगळं शिकवलं ते श्रद्धानं. ही श्रीगोंद्याची इंजिनिअर पोरगी, माझ्या मुलीच्या वयाची, मला काका म्हणते आणि चुका मात्र साहेबासारख्या काढते.

चुका तिला भरपूर मिळाल्या. माझा पहिला पाऊस सोसाट्याचा होता, पण खाली रस्ता कोरडा ठणठणीत. श्रद्धा म्हणाली, "काका, हा पाऊस जमिनीला लागत नाही का?" मग मी रस्ता असा ओला केला की त्यात टेम्पोचं प्रतिबिंब आरशासारखं पडायला लागलं. तो ओला रस्ता पाहून शिकलेल्या डोळ्याला प्रत्येक टेम्पोखाली दुसरा एक उलटा टेम्पो दिसायचा आणि तो दोघांना घाबरायचा. चित्र सांगितलं की आपोआप काढून देणारं नवं यंत्र आलं, तेव्हा मी इंग्रजीतून उसाची, म्हणजे 'केन'ची, गाडी मागितली. त्यानं वेताच्या खुर्च्यांनी भरलेली गाडी काढून दिली. त्या खुर्च्या इतक्या सुबक होत्या की पुसून टाकताना जीवावर आलं.

पण हे सगळं हसण्यावारी गेलं. एक चूक तशी जाणारी नव्हती.

ती समजण्यासाठी धंद्यातली आणखी एक गोष्ट ऐका. चित्रात ज्याला चौकट आहे ते डोळ्यानं पाहायचं. ज्याला चौकट नाही ते म्हणजे 'काही नाही', झाड, खांब, आभाळ, धुरळा. त्याच्याकडं दुर्लक्ष करायचं. दुर्लक्षही शिकवावंच लागतं, नाहीतर गाडी दर बाभळीला थांबेल.

बस बनवणाऱ्या एका कंपनीचं काम आमच्याकडं आलं होतं. डोळा बसवलेल्या काही बसगाड्या काम संपलं की आमच्याच भागात, उसाच्या हंगामात, धुईच्या रस्त्यांवर धावणार होत्या. आम्ही महिनोन्‌महिने चित्रं काढली. शेवटी खऱ्या रस्त्यावर चाचणी ठरली. बस चालवायला इनामदारमामा होते. मामांचा जन्म एसटीत गेला, रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून ते चाचणीची बस चालवायला आले.

जानेवारीतली सकाळ होती. सूर्य उगवला होता म्हणे, पण आम्हाला दिसला नव्हता. बेलापूरहून कारखान्याकडं जाणारा कालव्याकडेचा रस्ता, दोन्ही बाजूंचा ऊस धुईत गुडूप. मामांच्या मागच्या सीटवर मी आणि श्रद्धा, मांडीवर पडदा. डोळा जे पाहतो ते पडद्यावर येतं आणि त्याला जे कळतं त्याभोवती चौकट पडते. दूधवाल्याची मोटारसायकल आली, चौकट. कुत्रं आलं, चौकट. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अजून नीट दिसलाही नव्हता, तर पडद्यावर चौकट आणि कानाला पिपाणी.

मी फुगलो. "पाहिलंत का मामा? तुमच्या आधी पाहिलं त्यानं."

"पाहू दे की. त्याचे डोळे तरणे आहेत," मामा म्हणाले.

आणि बसला असा हिसका बसला की माझं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. काचेपुढं, हात लावता येईल इतका जवळ, ऊस. उसाच्या मोळ्यांची मागची टोकं, ओली, हलत चाललेली. कारखान्याला निघालेली टायरगाडी होती, म्हणजे टायर लावलेली बैलगाडी. मोळ्यांवर एक गाठोडं होतं. ते हललं, त्यातून एका बाईचं तोंड बाहेर आलं, तिनं आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा पांघरूण ओढून घेतलं.

मामांनी मागं न बघता विचारलं, "पिपाणी वाजली का?"

"नाही."

"मग दिलीपभाऊ, तुमच्या पोराला मोतीबिंदू झालाय."

पडद्यावर ऊस स्वच्छ दिसत होता. चौकट कुठंच नव्हती. आम्ही हळूहळू मागून जात राहिलो. पुढं वळण आलं, गाडी डावीकडं वळली आणि आडवी दिसायला लागली. तेव्हा पडद्यावर दोन चौकटी पडल्या. दोन बैलांना. एकावर लिहिलेलं 'जनावर', दुसऱ्यावर 'जनावर'. मागं ऊस, चाकं, गाडीवान, ती बाई, कशालाच काही नाही. डोळ्याच्या लेखी दोन बैल आपले आपण सकाळचे फिरायला निघाले होते.

श्रद्धानं माझ्याकडं पाहिलं. "काका, मी तुम्हाला फोन केला होता आठवतंय? बैलगाडी कुठं टाकू म्हणून?"

आठवत होतं. वस्तूंचे प्रकार ठरवायचं काम चालू होतं, वाहनं वेगळी, माणसं वेगळी, जनावरं वेगळी. मी मिसळ खात होतो. म्हणालो होतो, "जनावरांत टाक. बैल असतात ना तिला."

पुण्यामुंबईच्या पोरानं ही चूक केली नसती. त्यानं बैलगाडी वाहनांत टाकली असती आणि बैलांना इंजिन समजून पुढं गेला असता. आमच्या घरात मात्र गाडी आली असं कुणी म्हणतच नाही. आई ओट्यावरून सांगायची, बैल आले. बैल आले म्हणजे गाडी आली, कडबा आला, वडील आले, सगळंच आलं. बोलताना गाडी बैलात धरलेली. श्रद्धाकडंही तेच, म्हणून तिलाही खटकलं नाही. कॉम्प्युटरला मात्र बोलण्यात काय धरलंय ते कळत नाही. जनावर म्हटल्यावर त्यानं बैलांपुरती चौकट आखली आणि उरलेली गाडी, वरच्या माणसांसकट, 'काही नाही'त गेली. मागून पाहिलं तर उसाआड बैल दिसतच नाहीत. म्हणजे डोळा या गाडीला चुकला नव्हता. मी त्याला हजारो चित्रांतून, चिकाटीनं, प्रत्येक हवामानात शिकवलं होतं की ही दिसली तर पाहू नकोस. आणि तो गुणी विद्यार्थ्यासारखा पाहत नव्हता.

मी त्याच दिवशी बसवाल्या कंपनीच्या साहेबांना फोन केला.

साहेब म्हणाले, "अहो, पण कागदावर तुम्ही पास आहात. ज्या ज्या वस्तू यादीत होत्या त्या सगळ्या दिसल्या. बैलगाडी वाहन म्हणून यादीत नव्हतीच."

"यादी मीच केली होती साहेब."

"मग आता पास झालेला माणूस नापास करा म्हणून का भांडतोय?"

मी म्हणालो, "ड्रायव्हरशी बोला," आणि फोन मामांकडं दिला.

मामा म्हणाले, "साहेब, मला पिपाणी नव्हती तोवर मी धुईत डोळे फाडून बघायचो. आता ट्रॅक्टरला वाजली, कुत्र्याला वाजली, की पाय निवांत व्हायला लागतो. आज नवा होतो म्हणून थांबलो. महिन्यानं थांबेन असं लिहून देत नाही."

साहेबांनी मुदत दिली ती धुई संपेपर्यंतची. धुई आहे तोवर पुन्हा चाचणी घ्या, बैलगाडी दिसली तर ठीक, नाही दिसली तर या हंगामात डोळा आहे तसा जाईल. आणि धुई काही माझ्या हातात नव्हती. म्हणजे ऑफिसातली होती, कालव्यावरची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आणि श्रद्धा ऊसतोड्यांच्या तळावर गेलो. त्यांच्या पाचटाच्या कोप्यांपुढं गाड्या सोडलेल्या होत्या. तीच गाडी सापडली. गाडीवान भगवान, बायको चंद्रकला, पाथर्डीच्या पलीकडच्या वाडीवरची. आम्हाला गाडीचे मागून फोटो हवेत म्हटल्यावर भगवानला काही केल्या पटेना.

"मागनं कामून? बैल पुढं हायेत की. ह्यो डाव्या अंगाचा बघा, लई देखना हाय."

"बैल झालेत आमचे. मागची बाजू पाहिजे."

"मागं नुसता ऊस हाय सायेब."

चंद्रकला भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, "काढू द्या की. देखन्याचे फोटू समदेच काढत्यात." मग मला, "मी बसू का वर, का नगं?"

"रोज जशा असता तशा असा ताई."

"रोज मी निजते."

"मग निजा."

"भर दिवसा, लोकांदेखत?" ती हसायला लागली ती थांबेचना, आणि काही केल्या वर चढली नाही.

फोटो घेतले. मोळ्या एका अंगाला कशा झुकतात, शेवटची टोकं खाली कशी लोंबतात, मागं सुतळीला, उजेड पडला की चमकावी म्हणून, एक जुनी सीडी बांधलेली, पाण्याचा कॅन, घोंगडी. ऑफिसात येऊन पाहतो तर नवीनच अडचण. आमच्याकडं कॉम्प्युटरातली तयार माणसं बरीच होती, चालणारी, धावणारी, छत्री घेतलेली, मोबाईलवर बोलणारी. उसावर निजलेलं कुणी नव्हतं. श्रद्धा म्हणाली, "काका, तुम्हीच निजा." मी मीटिंगच्या टेबलावर बायकोची शाल पांघरून पडलो, तिनं चहूबाजूंनी फोटो घेतले, त्यावरून निजलेली बाई तयार केली. ती बाई नंतर हजारो गाड्यांवर, हजारो धुयांमध्ये निजली. बारीक पाहणाऱ्याला तिचं पोट संशयास्पद वाटेल. माझ्या घरात त्यावरून व्हायचं ते बोलणं झालं आहे.

डोळा नव्यानं शिकला. पण तो शिकतो म्हणजे आत काय होतं हे आम्हालाही दिसत नाही. शाळेत घालतो तसं घालायचं आणि निकालाची वाट बघायची. तोवर बाहेर थंडी ओसरायला लागली होती. रोज सकाळी मी उठून अंगणात जायचो आणि समोरचं लिंबाचं झाड दिसलं की हिरमुसायचो. आमच्या सौ. म्हणाल्या, "आख्खं गाव ऊन पडलं म्हणून खूश आहे, तुम्हीच तेवढे सुतक धरल्यासारखे."

मग एक दिवस लिंब दिसला नाही.

मामांनी बस काढली. कालव्याचा तोच रस्ता. मी आयुष्यातली कितीतरी वर्षं धुई बनवली, पण त्या दिवशीसारखी मला कधी जमली नसती. ती उभी नव्हती, चालत होती. कालव्यावरून उठून रस्त्यावर येत होती, काचेला टेकून बाजूला होत होती, आणि मागून आणखी येत होती. काचेवरचा वायपरसुद्धा पुसट दिसत होता. मामा पायी चालल्यासारखे चालवत होते.

पडदा पांढरा. काच पांढरी.

पिपाणी वाजली.

मामांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि बस थांबवली. काचेतून पाहिलं, काही नाही. श्रद्धानं काच पुसली, तरी काही नाही. पडद्यावर, पांढऱ्याच्या मधोमध, नखाएवढी एक चौकट होती. त्यावर लिहिलं होतं, 'बैलगाडी'.

"कुठंय?" मामा म्हणाले.

मला सांगता येईना. माझंच शिकवलेलं, पण मला दिसत नव्हतं ते त्याला दिसत होतं. बरं, चुकलाही असेल. ऊस कडेलाही होता. शेताच्या कडेच्या उसाला गाडी म्हणत असला तर सगळंच मुसळ केरात. मामांनी बस हळूच पुढं घेतली. चौकट थोडी मोठी झाली. मग तिच्या वरच्या अंगाला, आत, आणखी एक चौकट पडली. आडवी. 'माणूस'.

श्रद्धा हळूच म्हणाली, "काका, निजलंय कुणीतरी."

मग घुंगरांचा आवाज आला. आधी आवाज, नंतर पांढऱ्यात एक करडा डाग, मग डागाला खाली लोंबणारी टोकं फुटली, आणि चौकट होती अगदी त्या जागी, त्या मापाची, उसानं भरलेली गाडी धुईतून तयार होत गेली. आजवर मी शेकडो गोष्टी अशा तयार केल्या असतील. ही मी केलेली नव्हती, आणि तरी ती जिथं सांगितली होती तिथंच निघाली.

मी खाली उतरून गाडीमागं धावत गेलो. भगवानच होता. त्यानं कासरा ओढला.

"काय झालं सायेब?"

"तुम्ही दिसलात," मी म्हणालो. धाप लागली होती.

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा मागच्या बसकडं. "दिसनारच की. येवढा ऊस हाय."

वर घोंगडी हलली. "कोन हाय ओ?"

"त्यो फोटूवाला. आपुन दिसलो म्हनं त्याला."

"मंग फुडं जाऊ द्या की त्यास्नी," चंद्रकला म्हणाली आणि घोंगडी पुन्हा तोंडावर घेतली.

मी बसमध्ये येऊन बसलो. भगवाननं गाडी कडेला घेतली होती, वाट मोकळी होती. पण मामांनी पुढं काढली नाही. एसटीतला माणूस बैलगाडीमागं राहत नाही, पण ते राहिले, आणि हॉर्नही दिला नाही. गाडी पुढं निघाली, थोड्या वेळानं धुई पुन्हा दाटली आणि गाडी आमच्या डोळ्यांसमोरून नाहीशी झाली. आधी चाकं, मग ऊस. घुंगरं तेवढी राहिली. आम्ही तिघंही पडद्यावर वाकलो. मोठी चौकट संथ चालली होती. तिच्यावरची आडवी चौकट मध्येच जराशी अरुंद झाली, हलली, आणि पुन्हा पहिल्यासारखी झाली.

"कूस बदलली बाईनं," मामा म्हणाले.